डोळे मिटले की तिथेही तोच

पत्र (थोडं छोटं केलंय):

"ताई, चार वर्षांचं नातं होतं, साडेतीन महिन्यांपूर्वी त्याने संपवलं. मोठं भांडण नाही, तिसरं कुणी नाही, 'आता माझ्याने होत नाही' एवढंच म्हणाला. दिवसा कामात ठीक असते. रात्री अकरा वाजले की पोटात खड्डा पडतो आणि हात आपोआप फोनवर जातो. लास्ट सीन बघते, डीपी बघते, मग जुने चॅट उघडते आणि दोन वाजतात. कधी कधी फोन हातात नसतानाही नावाखाली 'टायपिंग' आलंय असं डोळ्यासमोर दिसतं. मैत्रिणींचे मेसेज वाचून तसेच ठेवते, बोलायला नको वाटतं. दीर्घ श्वास घेऊन पाहिले, चक्कर आल्यासारखं होतं. एका व्हिडिओत बघून व्हिज्युअलायझेशन केलं, शांत समुद्रकिनारा डोळ्यासमोर आणायचा, तर तिथेही तोच चालत येतो. दुसऱ्या व्हिडिओत सांगितलं की तो परत आलाय असं रोज झोपताना बघा, ते महिनाभर केलं, त्याने उलट जास्तच वाईट वाटतंय. हे सगळं थोतांड आहे का माझंच काही चुकतंय? आणि हे किती दिवस चालणार? १९ तारखेला त्याचा वाढदिवस आहे, एक साधा मेसेज केला तर चालेल ना?"

अगं, समुद्रकिनाऱ्याच्या ओळीशी आले तेव्हा मला हसू आलं, तुझ्यावर नाही, त्या किनाऱ्यावर. कारण माझ्याकडेही असाच एक होता, फक्त माझ्याकडे डोंगरावरचं झाड होतं. कुणीतरी शिकवलेलं की डोळे मीट आणि मनाने एखाद्या शांत जागी जा, मी इमानदारीत जायचे आणि त्या झाडाखाली आधीच कुणीतरी बसलेलं असायचं, पाठमोरं, पण पाठ ओळखीची. तेव्हा मलाही वाटलं होतं की आपल्यालाच जमत नाही. वाढदिवसाचं शेवटी बोलते, आधी हे किनाऱ्याचं निस्तरू, कारण तुझ्या पत्रातली खरी गोम तिथेच आहे.

पण त्याच्याही आधी एक. तू पत्रात तीन वेळा "मी इतकी कमजोर कशी" असं लिहिलं होतंस (ते मी वर कापलंय), ते जरा बाजूला ठेव. २०१० मध्ये हेलन फिशर या मानववंशशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला होता. नुकतंच ज्यांना जोडीदाराने सोडलंय आणि जे अजून त्याच माणसात अडकलेत अशा १५ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून त्या माणसाचा फोटो दाखवला, तर मेंदूचे जे भाग जागे झाले त्यातले काही तेच होते जे कोकेनची तलफ आलेल्या माणसात जागे होतात. पंधराच माणसं होती, त्यामुळे त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत, पण तुझ्या पोटातला खड्डा हा नुसता नाटकीपणा नाहीये एवढं तरी कळतं. विड्रॉवल, म्हणजे व्यसन सुटताना होणारा त्रास, हा शब्द लोक ब्रेकअपसाठी उगाच वापरत नाहीत.

आणि त्यात तो फोन. बघ, तू लास्ट सीन बघतेस तेव्हा कधी तो ऑनलाइन दिसतो, कधी दोन तासांपूर्वीचा, कधी डीपी बदललेला, बहुतेक वेळा काहीच नाही. दर वेळी काहीतरी मिळालं असतं तर तू कंटाळली असतीस, कधीच काही मिळालं नसतं तर नाद सुटला असता. कधीतरीच मिळतं आणि कधी ते माहीत नसतं, त्यातच माणूस सगळ्यात घट्ट अडकतो, हे स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवून ठेवलंय आणि जुगाराची मशिनं त्याच हिशोबावर चालतात. त्यामुळे रोज रात्री तू अकरा वाजता जुगाराच्या मशिनसमोर बसतेस आणि मग विचारतेस की माझं मन शांत का होत नाही. रागावू नकोस, मी पण बसलेय.

आता गोम सांगते. तलफ म्हणजे काय असते? आपल्याला वाटतं ती एक ओढ असते, आतून धक्का मारणारी, आणि आपण तिला जोर लावून थोपवायचं असतं. पण तू स्वतःच लिहिलंयस ना, फोन हातात नसतानाही 'टायपिंग' दिसतं म्हणून? तीच तलफ. तलफ बरीचशी चित्राची बनलेली असते. डेव्हिड कॅव्हना, जॅकी अँड्रेड आणि जॉन मे या तिघा मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ही थिअरी नीट मांडली. आधी एक उडता विचार येतो (अकरा वाजले), तो तसाच गेलाही असता, पण आपण त्याला धरतो आणि त्याच्यावर चित्र चढवतो, त्याचं नाव, ती स्क्रीन, त्याचा आवाज, आणि ते चित्र क्षणभर बरं वाटायला लावतं आणि लगेच 'हे आपल्याकडे नाहीये' म्हणून टोचतं, की मग पुढचं चित्र. हे सगळं चालतं मनातल्या एका छोट्याशा जागेत, आणि त्या जागेची गंमत म्हणजे तिच्यात दोन भरगच्च चित्रं एका वेळी मावत नाहीत. यातल्याच दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर माणसांना तीन मिनिटं टेट्रिस खेळायला लावून पाहिलं, तो ठोकळे पडायचा जुना गेम, तर खाण्यापिण्याची, सिगारेटची तलफ खेळल्यावर कमी झाली. ठोकळे कसे वळवायचे हे बघण्यातच ती जागा भरून गेली, एवढंच, त्यात जादू काही नाही.

आता तुझा किनारा घे. लांबच लांब वाळू, एकही माणूस नाही, काही करायचं नाही, नुसतं बसायचं आणि लाटा बघायच्या. अगं तू त्याला रिकामा हॉल बुक करून दिलास! त्याने येऊ नये तर काय करावं. ज्यांना ऑफिसचं टेन्शन आहे त्यांच्यासाठी तो किनारा ठीक असेल, पण ज्याच्या डोक्यात एकच माणूस फिरतोय त्याला रिकामी निवांत सुंदर जागा देणं म्हणजे त्या माणसासाठी शेजारची खुर्ची पुसून ठेवणंच आहे. तुझं चुकलं नाही आणि व्हिज्युअलायझेशन थोतांडही नाही, चित्र चुकीचं निवडलं गेलं.

तर तुला हवंय गर्दीचं चित्र, आणि माणसांची गर्दी नाही, हातांच्या कामाची. माझं सांगते, मी सुईत दोरा ओवते. मनातल्या मनात. शर्टाचं बटण तुटलंय आणि ते लावायचंय, बास एवढीच गोष्ट. पण ती गोष्ट अशी हळू बघायची असते की आधी दोऱ्याचं रीळ, कुठला रंग, त्याचं टोक शोधायलाच वेळ लागतो कारण ते खाचेत अडकवून ठेवलेलं असतं, मग हातभर दोरा ओढला, तोडला, टोक जरा फाटलेलं आलं म्हणून ओठांत धरून ओलं केलं आणि दोन बोटांत पिळलं, सुई उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला, पहिल्यांदा दोरा बाजूने गेला, दुसऱ्यांदाही गेला, तिसऱ्यांदा ते बारीक टोक पलीकडे दिसलं आणि ते नखाने पकडून ओढलं. मग दोन्ही पदर सारखे करून गाठ, गाठ बोटावरून गुंडाळून खाली सरकवायची ती. मग बटण, चार भोकांचं, जुन्या टाक्यांची लव अजून कापडाला चिकटलीये ती आधी उपटायची, मग खालून सुई वर, भोक सापडत नाही, सुई बटणाला टकटक लागते, सापडलं, दोरा ओढला की कापडातून जाताना येणारा तो सर्र आवाज. बघ, एवढं वाचताना तुला तो आठवला का? मनात दिसायला, ऐकायला आणि बोटांना लागायला तिन्ही ठिकाणी काम मिळालं की मगच ती जागा भरते.

तुला शिवणं येत नसेल तर हे घेऊ नकोस, तुझ्या हातांना जे पाठ आहे ते घे. सायकलची पडलेली चेन बसवणं, केसांची पाच पेडी वेणी, गिटारची तार बदलणं, पुस्तकाला कव्हर घालणं, काहीही. अटी दोनच. ते काम तुला इतकं माहीत हवं की चुकलं तर कळेल, आणि ते त्याच्याशी जोडलेलं नको (त्याच्या गिटारची तार नकोच). आणि काम सुंदर असायची अजिबात गरज नाही. उलट जितकं रटाळ तितकं बरं, सुंदर गोष्टी बघितल्या की "हे त्याला दाखवायला हवं होतं" सुरू होतं.

श्वासाकडे येते. श्वास आधी आणि चित्र नंतर, हा क्रम उलटा करू नकोस, कारण छातीत धडधडत असताना सुईचं भोक दिसत नाही, खरं पण नाही आणि मनातलंही नाही.

चक्कर का आली ते सांगते. "दीर्घ श्वास घ्या" हे वाक्य ऐकलं की आपण काय करतो, छाती फुगवून भराभर मोठे मोठे श्वास ओढतो. त्याने अंगातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, कधी ओठांभोवतीसुद्धा. आणि आधीच घाबरलेल्या माणसाला ते झालं की वाटतं आता काहीतरी भयंकर होतंय. जोर श्वास सोडण्यावर हवा. श्वास आत जाताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि बाहेर जाताना कमी होतात, हे प्रत्येकाचं होतं, मनगटावर नाडी धरून बसलीस तर तुला पण जाणवेल. म्हणून सोडणं लांबवलं की ब्रेकवर पाय जरा जास्त वेळ राहतो.

रात्री अकराला, एकदम धाड आली तर, नाकाने श्वास घे, वाटलं की भरला तरी वर आणखी एक छोटासा घोट नाकानेच घे, आणि मग तोंडाने सावकाश सोड, अगदी रिकामं होईपर्यंत. असं दोन-तीनदाच. लहान मूल खूप रडून झाल्यावर हुंदका देतं ना, तोच हा श्वास, शरीराला तो आधीपासून येतो. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२३ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात रोज पाच मिनिटं महिनाभर हा असा श्वास करणाऱ्यांचा मूड, नुसतं बसून श्वासाकडे बघणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला होता. पण मी तुला पाच मिनिटं सांगत नाही, तुला आधीच चक्कर येते, तू दोन-तीनदा कर आणि मग साध्या श्वासावर ये: चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. एक श्वास दहा सेकंदांचा झाला, म्हणजे मिनिटाला सहा. एरवी आपण बारा ते वीस वेळा घेतो. पोट भरून नाही, हलकाच, शेजारी बसलेल्याला ऐकू जाणार नाही इतका. आकडे जड गेले तर तीन-चार कर, मला काही त्या सहाचं कौतुक नाही, सोडणं लांब असलं की झालं.

आणि एक गोष्ट, जी सगळे मिसळून टाकतात. हा जो आकडे मोजून श्वास आहे तो ब्रेक आहे. माइंडफुल ब्रीदिंग ज्याला म्हणतात ते वेगळं. त्यात श्वास बदलायचा नसतो, तो जसा चाललाय तसा बघायचा, नाकपुडीच्या कडेशी हवा आत येताना थोडी गार लागते आणि जाताना कोमट, तेवढंच. बुद्धाच्या परंपरेत याला आनापान म्हणतात, आणि १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या एका मेडिकल कॉलेजात त्याचा कोर्स सुरू केला तेव्हापासून दवाखान्यांतही ते शिकवायला लागले. तू बसशील आणि तिसऱ्या श्वासाला तो येईल. येणारच. मग "अरे, गेले मी" असं लक्षात येतं तो क्षण, आणि तिथून परत नाकपुडीशी यायचं. लोकांना वाटतं मन गेलं म्हणजे मेडिटेशन फसलं. अगं परत येणं हाच तर व्यायाम, मन गेलंच नाही तर परत कशी येशील! पाच मिनिटांत चाळीस वेळा गेलीस तर चाळीस वेळा परत आलीस. आणि अकरा वाजता फोनवरून हात उचलायचा असतो तेव्हा हेच परत येणं कामाला येतं, दुसरं काही नाही.

म्हणून हे सकाळी करायचं, किंवा दुपारी, जेव्हा तू बरी असतेस तेव्हा. तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नकोस. तुझं तेच झालंय असं मला वाटतं, तू श्वास आणि चित्र दोन्ही फक्त वाईट रात्रीच काढतेस, मग त्यांचा आणि वाईट रात्रीचाच संबंध जुळतो.

डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिल्याने धडधड वाढतच असेल, काहींना खरंच तसं होतं, विशेषतः आधी पॅनिक येऊन गेलेला असेल तर, तेव्हा जबरदस्ती करू नकोस. डोळे उघडे ठेव आणि श्वासाऐवजी तळपाय घे, फरशीला कुठे टेकलेत, टाच जड की चवडा. ते चालतं.

आता तो येतो तेव्हा काय करायचं. म्हणजे समजा तू मनात सुई धरलीयेस आणि तो दारात येऊन उभा. पहिली इच्छा होते त्याला हाकलायची. ते करू नकोस. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा प्रयोग आहे, लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा, आणि लोक घंट्या वाजवत बसले. शिवाय नंतर जेव्हा विचार करायची मोकळीक दिली तेव्हा आधी थोपवलेल्यांच्या डोक्यात अस्वल जास्तच आलं. तर त्याला बसू दे दारात. "आलास का, बस, मला गाठ मारायचीये" असं मनात म्हटलं तरी चालेल, मी म्हणायचे, वेड्यासारखं वाटतं पण चालतं. आणि परत दोऱ्याकडे. तो कधी निघून गेला हे तुला कळणारही नाही, कारण तू बघत नव्हतीस.

बरं, तो महिनाभर केलेला प्रकार. तो परत आलाय, मिठी मारलीये, सॉरी म्हणतोय, असं रोज झोपताना बघायचं. मला त्या व्हिडिओवाल्यांचा राग येतो, खरंच. वर सांगितलं ना तलफ म्हणजे चित्र? मग तू महिनाभर रोज रात्री तलफच बनवत होतीस, तीसुद्धा आवाज-रंगांसकट, चांगली क्वालिटीची, आणि ती पण झोपायच्या आधी. वाईट वाटणारच. दारू सोडलेल्या माणसाला रोज झोपताना भरलेला ग्लास डोळ्यासमोर आणायला सांगण्यातलाच हा प्रकार. आजपासून बंद, यात हळूहळू वगैरे काही नाही.

पण कल्पनेचा दुसरा वापर आहे आणि तो मला भयंकर आवडतो. शेवट बघायचा नाही, कृती बघायची. १९९९ मध्ये फाम आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांनी परीक्षेच्या आधी काही विद्यार्थ्यांना चांगले मार्क पडल्याचं चित्र बघायला सांगितलं आणि काहींना अभ्यासाला कसे बसतोय ते, आणि दुसऱ्यांचा अभ्यासही जास्त झाला आणि मार्कही. तर तू "मी सुखात आहे, त्याला विसरलेय" असलं काही बघू नकोस. तू अकरा वाजताची तू बघ. दुपारी कधीतरी, दोन मिनिटं. पलंगाची कुठली बाजू, दिवा कुठला चालू आहे, पोटात तो खड्डा पडायला लागलाय (हे गाळू नकोस, खड्ड्यासकट बघ), हात फोनकडे निघालाय, आणि हात फोनवर पडतो, पण तू तो उचलून चार्जरला लावतेस जो आता पलंगापाशी नाहीये, दुसऱ्या खोलीत आहे, उठून चालत जातेस, पायाला फरशी गार, लावलास, परत आलीस, आडवी झालीस, तो हुंदक्याचा श्वास दोनदा, आणि रिळाचं टोक शोधायला लागलीस. एवढंच सिनेमासारखं तीन-चार दिवस बघ आणि मग खरंच चार्जर तिकडे नेऊन लाव, नुसतं मनात नाही. अलार्मसाठी फोन लागतो असं म्हणू नकोस, साधं घड्याळ मिळतं.

हे सुरू केलंस की पहिले काही दिवस तलफ वाढेल. ते आधीच सांगून ठेवते नाहीतर तू चौथ्या दिवशी मला लिहिशील की ताई काम करत नाहीये. मशिनमधून अचानक काहीच येईनासं झालं की माणूस आधी बटण जोरजोरात दाबतो, मग सोडतो. त्या दाबायच्या दिवसांत तिच्याशी भांडत बसू नकोस, ॲलन मार्लाट म्हणून व्यसनांवर काम करणारे एक मानसशास्त्रज्ञ होते, ते म्हणायचे तलफ लाटेसारखी चढते, माथ्यावर येते आणि उतरते, तिच्यावर नुसतं तरंगत राहायचं. कुठे जाणवतेय ते बघ, पोटात? घशात? केवढी? मुठीएवढी का ताटाएवढी? आत्ता वाढतेय का थांबलीये? तुला ती दोन वाजेपर्यंत चालते असं वाटतं कारण दर दहा मिनिटांनी तू तिला नवा चॅट खाऊ घालतेस. न घालता बघ, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आतच उतरते.

किती दिवस विचारलंस. २१ दिवसांत सवय बदलते वगैरे जे फिरतं ते सोडून दे. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ आणि कुणाला २५४ असा हिशोब येत होता. आणि ते रोज चालायला जाणं वगैरे साध्या सवयींचं आहे, चार वर्षं सोबत असलेल्या माणसाचं नाही. तारीख मी देऊ शकत नाही. एवढं सांगते की ते एकदम थांबत नाही, आधी रात्री विरळ होतात आणि मग एखाद्या रात्री साडेबारा वाजलेले दिसतात आणि लक्षात येतं की अकरा वाजून गेले.

अजून एक छोटंसं. काही जणांना मनात चित्र दिसतच नाही, अगदी काहीच नाही, त्याला २०१५ पासून अफँटेशिया म्हणतात आणि तो आजार वगैरे नाही. तुला 'टायपिंग' दिसतं म्हणजे तू त्यातली नाहीस, पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणी असेल आणि सुई दिसत नाहीये म्हणून स्वतःला कोसत असेल तर त्यांनी सरळ खरी सुई-दोरा घ्यावा. तेवढंच काम होतं.

मैत्रिणींचं. तू तो मुद्दा एका ओळीत उरकलास पण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. तलफेने दमलेला माणूस कवचात जातो, ते समजतं, पण कवचात नेमका तोच एकटा सोबतीला असतो ना तुझ्या. कुणाला सगळी कहाणी सांगायची गरज नाही. त्यातली जी सगळ्यात कमी प्रश्न विचारते तिला एक मेसेज टाक, "बोलायला जमत नाहीये पण तुझे मेसेज वाचते, पाठवत राहा." टाकायच्या आधी तो चार-सहाचा श्वास दोनदा घे, आणि ती तो मेसेज वाचतेय असं बघ, तिचा चेहरा कसा होईल. वैतागलेला होईल का खरंच? मला नाही वाटत.

श्वास आणि सुईने निभत नाही असंही असतं. रोज, दिवसभर, दोन आठवड्यांच्या वर सगळंच नकोसं वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, कामावर जाणं बंद पडत असेल, तर डॉक्टरकडे किंवा कौन्सेलरकडे जा, सर्दीला जातेस तितक्या सहज. आणि मरून जावंसं वाटलं, एकदा जरी, तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नकोस, त्याच रात्री कुणाला तरी उठव, हेल्पलाइनला फोन लाव. तू तसं काही लिहिलेलं नाहीस, तरी मी हे प्रत्येकाला लिहिते.

आता वाढदिवस. "एक साधा मेसेज." अगं साधा असता तर तू मला विचारलं असतंस का? मेसेज साधाच असेल, त्यानंतरचे दोन दिवस साधे नसतील. निळ्या टिक आल्या का, आल्या तर उत्तर का नाही, उत्तर आलं "थँक्यू" तर पुढे टिंब का, स्मायली का नाही. माझं मत विचारशील तर नको. पण मला हेही माहितीये की मी नको म्हटल्याने काही होत नसतं, म्हणून १८ तारखेच्या दुपारी दोन मिनिटं बसून १९ ची रात्र पूर्ण बघून घे, चार्जरपर्यंत चालत जाण्यासकट. त्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेव की रात्री साडेदहाला फोन कर, काहीही बडबड कर. आणि एखादं खरंच तुटलेलं बटण घरात असेल तर ते १९ साठी राखून ठेव.

२० ला मला लिही काय झालं ते. मेसेज गेला असला तरी लिही.

— ताई